हिवाळी चढाई आणि हिमस्खलन: आधी उतार निवडा, बर्फ नंतर तपासा

बर्फाने भरलेल्या घळी किंवा गोठलेले धबधबे चढणाऱ्यांचं सगळं लक्ष अवघड टप्प्यावर असतं. आइस अ‍ॅक्स कुठे बसेल, बर्फात फिरवून बसवलेला स्क्रू धरेल का, पुढचा बिले, म्हणजे थांबून सोबत्याचा दोर सांभाळायची जागा, कुठे मिळेल, याचाच विचार चालू असतो. हिमस्खलन मात्र बऱ्याचदा त्या टप्प्याच्या आधी किंवा नंतर गाठतं. कड्याच्या पायथ्याकडे नेणाऱ्या उतारावर, घळीतून धारेवर निघताना शेवटच्या काही मीटरांत, नाहीतर दोर गुंडाळून झाल्यावर, 'आता काय, उतरायचंच तर आहे' या मनःस्थितीत. त्यामुळे या लेखात अवघड चढाईपेक्षा ज्याला आपण 'नुसती चाल' म्हणतो, त्या भागाबद्दल जास्त लिहिलं आहे.

बर्फाच्या थरांत आत काय चाललंय हे पक्कं सांगणं कसलेल्या गिर्यारोहकालाही जमत नाही. उताराचा कोन, त्याची दिशा, डोक्यावर काय आहे आणि पाय सुटला तर खाली काय आहे, हे मात्र मोजता येतं आणि तेही बरंचसं घरी बसून. जे मोजता येतं त्यावर निर्णय उभा करायचा. बर्फाची तपासणी त्या निर्णयाला फक्त आणखी कडक करण्यासाठी वापरायची.

स्वित्झर्लंडचे पर्वतमार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी यासाठी तीन चाळण्यांची पद्धत मांडली: एक घरी, दुसरी त्या भागात पोचल्यावर, तिसरी प्रत्यक्ष उतारासमोर. प्रत्येक चाळणीत तीनच गोष्टी तपासायच्या: हवामान आणि बर्फ, भूभाग, आणि माणसं. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आधी थोडं बर्फाबद्दल

भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो. तो चढणाऱ्याला तोल घालवून कड्यावरून ढकलू शकतो, पण सर्वाधिक जीव घेतं ते स्लॅब प्रकारचं हिमस्खलन. यात वरचा थर एकसंध असतो आणि त्याच्याखाली एखादा कमकुवत थर दबलेला असतो. गोट्यांवर ठेवलेली फळी जशी नुसत्या धक्क्याने सरकते, तसं हे होतं. कमकुवत थर एका जागी कोसळला की तडा सेकंदात दूरवर धावतो आणि उताराचा मोठा भाग एकदम सुटतो. आपण त्याच्या मध्यावर उभे असतो, कारण बहुसंख्य अपघातांत तो धक्का अडकलेल्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने दिलेला असतो.

कमकुवत थर मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो, आणि दोन्ही वेळी हवा छान असते. निरभ्र, शांत रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. त्यांच्यावर पुढची बर्फवृष्टी झाली की ते गाडले जातात, पण नाहीसे होत नाहीत. दुसरा प्रकार पातळ बर्फात होतो. जमिनीलगत तापमान साधारण शून्याच्या आसपास असतं आणि वर हवा कडाक्याची थंड. जाडीच्या दर १० सेंटिमीटरला १ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक पडू लागला की आतल्या कणांची पकड सुटते आणि ते साखरेसारखे सुटे, टोकदार होतात. म्हणून 'यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोकाही कमी' हा हिशेब चुकीचा आहे. कमी बर्फ आणि लांबलेली थंडी यातून तयार झालेला तळाचा थर कित्येक आठवडे, कधी सबंध हंगामभर तसाच राहतो.

पहिली चाळणी: घरी, नकाशा समोर ठेवून

सुरुवात कोनापासून करा. स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३५ ते ४० अंशांदरम्यान सर्वांत जास्त. ५५ अंशांच्या पुढे बर्फ साचण्याआधीच घसरत राहतो, त्यामुळे मोठा स्लॅब क्वचित तयार होतो. आता सोप्या मानल्या जाणाऱ्या बर्फाळ घळी आठवा. त्यांचा उतार बहुधा ४० ते ५० अंशांचा असतो. म्हणजे चढाईच्या दृष्टीने जे सोपं, ते हिमस्खलनाच्या दृष्टीने बरंचसं धोक्याच्या पट्ट्यात येतं. नवख्यांना पहिल्याच हंगामात अशा घळींत नेण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही.

१:२५,००० प्रमाणाच्या आणि २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा असलेल्या नकाशावर दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं की तो उतार ३० अंशांच्या वर आहे असं समजा. १:५०,००० च्या नकाशावर रेषा ४० मीटरच्या असतील तर हाच आकडा लागू होतो. मोबाईलमधल्या नकाशांवर कोनानुसार रंग भरलेले असतात, त्यांचा जरूर वापर करा. पण नकाशा सरासरी दाखवतो. रेषांच्या मधे दडलेला १० मीटरचा तीव्र टप्पा त्यात दिसत नाही, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो.

मग मार्गाच्या वरचा भाग बघा. घळीत चढताना तुमच्या पायाखालचा बर्फ हा प्रश्नाचा लहान भाग असतो. खरा प्रश्न आहे ती घळ कुठून भरते हा. वर एखादा रुंद खोलगट उतार असेल, तर तिथे जे सुटेल ते सगळं याच नळीतून खाली येणार, आणि खालून तो उतार दिसणारही नाही. धबधब्यांचंही तसंच, पाणी जिथून येतं तिथूनच बर्फही येतो. वर पाणलोट मोठं असलेल्या मार्गांवर स्वतंत्र खूण करा आणि ते केवळ स्थिर हवेच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

पायथ्याची चालही याच नजरेने तपासा. सपाट दरीतून चालतानाही वरून सुटलेलं हिमस्खलन तुमच्यापर्यंत पोचू शकतं. अंदाजासाठी एक ढोबळ खूण सांगतो: तुम्ही उभे आहात तिथून उताराच्या माथ्याकडे पाहताना नजरेचा कोन १८ अंशांच्या आत येईपर्यंत तुम्ही मोठ्या हिमस्खलनाच्या टप्प्यात आहात असं धरा.

आता हवामान. जिथे हिमस्खलनाचं रोजचं पत्रक निघतं तिथे ते सलग आठवडाभर वाचा. निघायच्या आदल्या रात्री एकदा उघडून बघण्यात फारसा अर्थ नाही. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची सामाईक श्रेणी आहे: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिशय जास्त. तिसरी पायरी मधली दिसते म्हणून लोक तिला 'ठीकठाक' समजतात. प्रत्यक्षात पायऱ्यांतलं अंतर सारखं नाही, वर जावं तसा धोका झपाट्याने वाढतो. सर्वाधिक मृत्यू होतात ते याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी, कारण चौथ्या-पाचव्या पायरीला बहुतेक जण घरीच थांबतात. आकड्यापेक्षाही खालचा मजकूर महत्त्वाचा: धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर, कोणत्या उंचीच्या वर आणि कशामुळे. ताज्या बर्फाचा धोका दोन-तीन दिवसांत बराच ओसरतो, वाऱ्याने रचलेला स्लॅब त्याहून थोडा जास्त काळ टिकतो, आणि जुना दबलेला कमकुवत थर असेल तर वाट बघूनही फार फायदा होत नाही. तिसऱ्या परिस्थितीत तो उतार त्या हंगामापुरता विसरावा.

मुंटर यांचा साधा नियम इथे कामी येतो. पायरी २ असेल तर ४० अंशांच्या वर जायचं नाही, ३ असेल तर ३५च्या वर नाही, ४ असेल तर ३०च्या वर नाही, आणि ५ला बाहेरच पडायचं नाही. हा नियम घळींना लावून बघा. पायरी ३च्या दिवशी धोक्याच्या दिशेला असलेली जवळजवळ प्रत्येक बर्फाळ घळ यादीतून बाद होते. नियम ढोबळ आहे, त्याला अपवाद निघतात. पण अपवाद शोधण्याची मुभा स्वतःला किती सहज देतो, हेही प्रत्येकाने बघावं.

उंच पर्वतरांगांत बऱ्याच ठिकाणी असं पत्रक मिळतच नाही. तिथे हवामानाच्या नोंदी स्वतः ठेवाव्या लागतात: किती बर्फ पडला, किती वेळात, वारा कुठून, तापमान कसं बदललं. वारा जोरात असताना २४ तासांत ३० सेंटिमीटर ताजा बर्फ पडला तर दुसऱ्या दिवशीची चढाई रद्द. तासाला २-३ सेंटिमीटरच्या वेगाने पडत असेल तर जास्त विचार करू नका, उतरा. हे फक्त हिवाळ्यापुरतं आहे असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन कोसळलं आणि पंचवीसहून अधिक जण गेले. तेव्हा कॅलेंडरवर हिवाळा सुरूही झाला नव्हता.

दुसरी चाळणी: पायथ्याशी

डोळे उघडे ठेवून चालायचं, आणि मुख्यतः वारा वाचायचा. वारा बर्फ एका बाजूने उचलतो आणि धारेच्या पलीकडे, आडोशाच्या उतारावर रचतो. प्रत्यक्ष बर्फवृष्टीपेक्षा कितीतरी पट वेगाने. आकाश निळंशार असतानाही एका दुपारीत धोकादायक स्लॅब तयार होऊ शकतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर तो कुठे जाऊन पडतोय ते बघा. धारेवरची बर्फाची छज्जी, म्हणजे कॉर्निस, ज्या बाजूला झुकलेली आहे ती आडोशाची बाजू. बर्फावर कोरल्यासारख्या टोकदार लाटा असतील तर त्यांचं टोक वारा आला त्या दिशेला असतं. पायाखाली मऊ पण एकजीव, खडूसारखा निस्तेज बर्फ लागला आणि तुकडे ठोकळ्यांसारखे निघू लागले, तर तुम्ही वाऱ्याने रचलेल्या थरावर उभे आहात.

तीन खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर चर्चा करत बसू नये. जवळपास त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं. चालताना बर्फ 'धप्प' असा खोल आवाज करून खाली बसणं. आणि पावलापासून तडे दूरवर धावत जाणं. यातली एक जरी खूण दिसली तरी त्या दिशेचे, त्या उंचीवरचे ३० अंशांवरचे सगळे उतार त्या दिवसापुरते बंद. 'धप्प' आवाज सपाटीवर ऐकू आला तरी नियम तोच, कारण सपाटीवर बसलेला धक्का वरच्या उतारापर्यंत धावू शकतो.

चढाईची स्थितीही इथूनच कळू लागते. बर्फ वितळून पुन्हा गोठण्याची चक्रं होऊन गेली असतील तर तो घट्ट होतो, क्रॅम्पॉनची, म्हणजे बुटाखाली बांधलेल्या खिळ्यांच्या पट्टीची, दोन टोकं टाकली की पाय बसतो. घळीसाठी यापेक्षा चांगली अवस्था नाही. उलट खडकावर नुसती कोरडी भुकटी असेल तर ना हत्यार धरत, ना प्रोटेक्शन (पडल्यास दोर अडवणारा आधार) मिळत. गोठलेल्या धबधब्यांना तापमानाची अचानक उडी मानवत नाही. एकदम कडाक्याची थंडी पडली की बर्फ आत ताणला जातो, ठिसूळ होतो, आणि अधांतरी लटकलेला खांब अ‍ॅक्सच्या एका घावाने मुळापासून तुटू शकतो. उष्मा वाढला की मागून पाणी वाहू लागतं, खडकाची पकड सुटते आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. दोन-तीन दिवस एकसारखी, माफक थंडी असेल तेव्हा जावं.

वाऱ्याचा थंडीशी हिशेब आधीच करून ठेवा. उणे १० अंशांत ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २२ सारखी थंडी लागते. जाड हातमोज्यांचे दोन जादा जोड हवेतच. बिलेवर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात आधी जातात.

निघण्यापूर्वी प्रत्येकाचा बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं अंगावरचं यंत्र, तपासा. एकाने पुढे उभं राहून शोधावर ठेवायचा, बाकीच्यांनी प्रक्षेपणावर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जायचं, मग अदलाबदल. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी चालतं. मोबाईल बीकनपासून किमान २० सेंटिमीटर लांब, आणि शोध चालू असताना ५० सेंटिमीटर लांब. सोबत किमान २४० सेंटिमीटरची प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची घडीची काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं. या तिन्हींतलं एक नसलं तर उरलेल्या दोघांचा उपयोग जवळपास संपतो. चढाई करणारे लोक वजन वाचवण्यासाठी हेच सामान आधी गाडीत ठेवतात आणि चार जादा स्क्रू मात्र घेतात, हे मला कधी समजलेलं नाही.

तिसरी चाळणी: उतारासमोर

इथे पोचेपर्यंत बहुतेक निर्णय झालेले असायला हवेत. आता कोन प्रत्यक्ष मोजा. कंपासमधला कोनमापक उत्तम. तो नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक काठी उतारावर टेकवून आडवी, पाणसळीत धरा. तिच्या मोकळ्या टोकापासून दुसरी सरळ खाली सोडा. बर्फापर्यंत अर्धी काठी मावली तर उतार २७ अंशांचा, पूर्ण मावली तर ४५चा.

खड्डा खणून चाचणी करायची असेल तर लांबट स्तंभाची चाचणी करा. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल स्तंभ चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकाला फावडं ठेवायचं, आणि मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० अशा थापा मारायच्या. तडा सुरू होऊन त्याच किंवा पुढच्याच थापेला संपूर्ण रुंदीभर धावला तर परत फिरा. तो धावला नाही, तर उतार सुरक्षित ठरला का? नाही. २० मीटर पलीकडे वेगळं उत्तर येऊ शकतं. ही चाचणी 'नको' म्हणायला वापरा, 'चला' म्हणायला नाही.

मग माणसं. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवलं की हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेले गटही ठरावीक मानसिक सापळ्यांत अडकतात: ओळखीची जागा, ठरवलेलं पूर्ण करण्याचा हट्ट, पुढाऱ्यावर आंधळा विश्वास, पुढे गेलेल्यांच्या पाऊलखुणा, दुसऱ्या गटाशी लागलेली शर्यत. यावर एक उपाय चालतो. गटातल्या सर्वांत नवख्या माणसाला आधी बोलू द्या, आणि कोणाही एकाचा नकार हा शेवटचा समजा, कारण न विचारता.

ओलांडायचंच ठरलं तर एका वेळी एकच जण. बाकीचे खडकाच्या आडोशाला किंवा एखाद्या सोंडेवर थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. भक्कम अँकर (दोर बांधायचा आधार) नसताना एका दोरात बांधून घेऊ नका, एक गेला की सगळे ओढले जातात. हिमनदीवर, जिथे भेगांत पडण्याची भीती मोठी असते, तिथे हा हिशेब उलटा होतो.

घळीत मधोमध चढू नका, कडेच्या भिंतीला चिकटून राहा. बिले स्टेशन नळीच्या बाहेर, एखाद्या पुढे आलेल्या खडकाखाली लावा, भले दोर दहा मीटर आधीच संपवावा लागला तरी. वरून भुकटीचे लोट वारंवार येऊ लागले तर त्याचा अर्थ वर वारा बर्फ रचतोय. थोडा वेळ वाट पाहून बघा, लोट वाढले तर रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरा. सर्वांत जास्त सांभाळायचं ते घळीच्या माथ्याला. तिथे उतार सर्वांत तीव्र, वाऱ्याने रचलेला बर्फ सर्वांत जाड, आणि वर कॉर्निस. शेवटचा पिच (एका दोराचा टप्पा) चढण्याआधी शक्य तितका मजबूत अँकर खडकात घ्या. धारेवर आल्यावर कडेपासून बरंच आत, वारा येतो त्या बाजूने चाला. कॉर्निस तुटते ती दिसते त्यापेक्षा खूप मागून.

उन्हाचा उतार असेल तर वेळ पाळा. रात्री आकाश मोकळं राहिलं आणि बर्फ गोठला, तरच निघा. पाय घोट्यापर्यंत रुतू लागले की ऊन जिंकलं, उतरायची वेळ झाली. रात्री ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही, तेव्हा पहाटे चारला निघूनही काही साधत नाही.

तंबूच्या जागेला हेच सगळे निकष लावा, उलट जास्त कडक, कारण तिथे आपण तासन्‌तास झोपलेलो असतो. १३ जुलै १९९० रोजी लेनिन शिखरावर भूकंपाच्या धक्क्याने बर्फाचा कडा कोसळला आणि सुमारे ५३०० मीटरवरच्या कॅम्पमधले ४३ गिर्यारोहक गेले. लटकत्या बर्फकड्याच्या खाली तंबू ठोकताना 'इतकी वर्षं काही झालं नाही' हे कारण पुरेसं नसतं.

सुटलाच तर

ओरडा, म्हणजे बाकीच्यांची नजर तुमच्यावर जाईल. पहिल्या क्षणी अ‍ॅक्स खालच्या घट्ट थरात रोवता आला किंवा बाजूला निसटता आलं तर बघा. वाहू लागलात की हातातलं सोडा आणि वर राहण्यासाठी धडपडा. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा. थांबल्यावर बर्फ इतका घट्ट होतो की बोटही हलत नाही.

बाहेर राहिलेल्यांनी शेवटचं कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासात ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. मदतपथक तेवढ्यात पोचत नाही, म्हणून काढायचं आहे ते तुम्हालाच. वरून आणखी काही सुटण्याची शक्यता आहे का ते पाहा, एकाने मदतीला फोन करावा, आणि सगळे बीकन शोधावर टाका. एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तर शोध त्याच्याकडेच वळत राहील.

हिमस्खलनाच्या पट्ट्यात ४० मीटरच्या अंतराने रांगा धरून खाली उतरत जा, डोळ्यांनी हातमोजा, काठी, दोराचं टोक शोधत. सिग्नल मिळाल्यावर बाणामागे जा. बीकनवरचा अंतराचा आकडा ३ च्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून हळू, आडवा-उभा फिरवत सर्वांत लहान आकडा शोधा. तिथून पुढे प्रोब. पृष्ठभागाला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने, बाहेर बाहेर जाणाऱ्या वर्तुळात. लागला की प्रोब तशीच राहू द्या. खणायचं ते प्रोबच्या वरून नव्हे, उताराच्या खालच्या बाजूने, आडवं आत शिरत. मागच्याने पुढच्याचा बर्फ ढकलत न्यायचा आणि दर दोनेक मिनिटांनी जागा बदलायची. शोधात गेलेल्या वेळेपेक्षा खणण्यात जास्त वेळ जातो, आणि सरावात नेमका हाच भाग टाळला जातो.

चेहरा दिसताच तोंडा-नाकातला बर्फ काढा, छाती मोकळी करा. श्वास नसेल तर आधी पाच कृत्रिम श्वास द्या, मग छातीवर दाब सुरू करा. बाकीचं अंग त्यानंतर उकरा. हलवताना मान आणि पाठ जपा, कारण कड्यांच्या भागात गुदमरण्याइतकाच आघातानेही जीव जातो. ओले कपडे बदलता येत नसतील तर त्यावरूनच गुंडाळा, खालून चटई घाला, आणि तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो म्हणाला तरी चालवत नेऊ नका.